दहा महिन्यांची नात येतेय, घरात जिना आहे. काय काय करून ठेवू?

गोदाकाठ | २४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या मध्यावर लेक-जावई जर्मनीहून नातीला घेऊन येताहेत, संक्रांत करूनच जातील. नात तेव्हा दहा महिन्यांची असेल. रांगते, सोफ्याला धरून उभी राहते आणि व्हिडिओ कॉलवर बघावं तर एका जागी क्षणभर ठरत नाही. त्यांचं तिकडचं घर एकाच मजल्यावर आहे, त्यामुळे जिना हा प्रकार तिने पाहिलेलाच नाही.

आमचं नाशिकला रो-हाऊस आहे. जिना हॉलमधूनच वर जातो. तोंडाशी रुंदी साडेतीन फूट, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला स्टीलचं रेलिंग. रेलिंगला उभ्या खांबांमध्ये आडवे पाइप आहेत. पायऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या, पॉलिश केलेल्या. मध्ये एक लँडिंग. वर पोचलं की लेकीच्या खोलीचं दार जिन्यापासून चार पावलांवर. खाली एकच बेडरूम आहे, तिथे सासूबाई असतात. वय ८६, त्यांना हलवण्याचा प्रश्नच नाही.

आमचे हे म्हणतात ऑनलाइन गेट मागवू, दोन मिनिटांत बसतं. शेजारच्या ताई म्हणतात सगळीकडे कबुतराची जाळी मारून घ्या. मला दोन्हीत मनापासून खात्री वाटत नाहीये. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. भिंतीला भोकं पाडायला माझी ना नाही, काम पक्कं झालं पाहिजे.

चिऊचीआई | २४ नोव्हेंबर, रात्री १०.०५

काकू, वर एक आणि खाली एक, दोन्हीकडे लागतं. नुसतं वर लावलं तर खालून चढायला लागतात आणि मध्येच अडकतात. चढणं आधी जमतं, उतरणं बरंच नंतर. आमची लेक रांगायला लागली आणि थोड्याच दिवसांत लँडिंगवर जाऊन बसली होती, तेव्हा मी ताटं मांडत होते.

आणखी एक, ती यायच्या आधीच बसवून ठेवा. घरातल्या मोठ्या माणसांच्या हाताला सवय व्हायला वेळ लागतो.

ओळंबा | २५ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

काकू, मी घरांच्या आराखड्यांचं काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ऑनलाइन मिळणारी बहुतेक गेटं दाबावर बसणारी असतात. चार कोपऱ्यांना रबरी टोपीचे स्क्रू, ते फिरवून दोन बाजूंच्या भिंतींवर दाब द्यायचा. भोक पाडावं लागत नाही हा त्यांचा फायदा. पण जिन्याच्या वरच्या तोंडाला ती कधीही लावू नका. मूल गेटला धरून उभं राहतं, हलवतं, अंग टाकतं. रोजच्या हलवण्याने दाब सैल होतो आणि गेट मुलासकट खाली जाऊ शकतं. दुसरं म्हणजे अशा गेटला खाली जमिनीवर आडवी पट्टी असते. ती ओलांडूनच जावं लागतं. जिन्याच्या माथ्यावर, कडेवर बाळ असताना, त्या पट्टीला पाय अडकला तर काय होईल याचा विचार करा. वरच्या तोंडाला भिंतीत स्क्रूने बसवलेलं, खाली पट्टी नसलेलं आणि जिन्याच्या बाजूला न उघडता खोलीच्या बाजूला उघडणारं गेट हवं.

खालच्या तोंडाला दाबाचं गेट चालू शकतं, पण तुमच्याकडे दोन अडचणी आहेत. साडेतीन फूट म्हणजे १०७ सेंटिमीटर. बाजारातली गेटं साधारण ७५ ते ८५ सेंटिमीटरची असतात, बाकी अंतर जोडपट्ट्या लावून भरायचं. आणि भिंतीला खाली ग्रॅनाइटची स्कर्टिंग असणार. ती भिंतीच्या पुढे आलेली असते, म्हणून खालचं माप आणि वरचं माप सारखं येत नाही. गेट तिरकं बसतं. वरच्या बाजूला स्कर्टिंगच्या जाडीचा लाकडी तुकडा पक्का केल्याशिवाय ते नीट धरणार नाही. दुसऱ्या बाजूला तर भिंतच नाही, रेलिंगचा गोल खांब आहे. रबरी टोपी गोल स्टीलवर टिकत नाही.

आता रेलिंग. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते, कारण लोक गेट लावतात आणि रेलिंग विसरतात. आडवे पाइप म्हणजे मुलासाठी शिडीच. आज ती चढणार नाही, पण धरून उभी राहायला लागलेलं मूल आठवड्यागणिक पुढे जातं. शिवाय पाइपांमधली फट मोजा. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये घरांच्या नियमांचा साधारण दंडक असा की रेलिंगच्या फटीतून चार इंची, म्हणजे १० सेंटिमीटरचा गोळा जाता कामा नये. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बाळाचं अंग डोक्यापेक्षा अरुंद. पाय आधी फटीत गेले तर धड सरकत जातं आणि डोकं अडकतं. दहा महिन्यांच्या मुलीसाठी तर मी १० सेंटिमीटरवरही समाधान मानणार नाही. अमेरिकेत बाळाच्या कॉटच्या गजांमध्ये ६ सेंटिमीटरच्या वर अंतर चालत नाही. ते माप डोळ्यासमोर ठेवा.

गोदाकाठ | २५ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

ओळंबा, तुमचं वाचून लगेच टेप घेऊन बसले. दोन पाइपांमध्ये साडेपाच इंच भरलं. सर्वात खालचा पाइप आणि पायरी यांच्यात तर पायरीच्या कोपऱ्यात साडेसहा इंच आहे. आजवर कधी लक्षच गेलं नव्हतं. मग जाळी मारून चालेल का?

ओळंबा | २५ नोव्हेंबर, सकाळी ९.५०

कबुतराची जाळी नको. तिच्या घरांत बाळाची बोटं आणि पायाचे अंगठे अडकतात, आणि जरा मोठं मूल त्यात पाय रोवून वर चढतं. जाळी ताणून बांधली तरी थोड्या दिवसांत झोळ येतो.

पारदर्शक पॉलिकार्बोनेटची शीट घ्या, तीन मिलिमीटरची. रेलिंगच्या आतल्या, म्हणजे चालायच्या बाजूने लावा. पायरीच्या उतारानुसार तिरकी कापून घ्यायची, खाली पायरीपर्यंत आणावी. शीटला कडेने भोकं पाडून केबल टायने पाइपांना बांधायची. टायची गाठ बाहेरच्या बाजूला राहील असं बघा आणि शेपूट कापल्यावर जे टोक उरतं त्यावरून बोट फिरवून पाहा. ते टोक धारदार राहतं, गालाला ओरखडा काढतं. शीटच्या कडा पॉलिश पेपरने घासा. पाहुणे गेले की टाय कापायचे, शीट माळ्यावर. रेलिंगला ओरखडाही येत नाही.

देशमाणूस | २५ नोव्हेंबर, दुपारी १.२०

सगळ्यांबद्दल आदर राखून लिहितो. आम्ही पाच भावंडं माडीच्या घरात वाढलो. ना गेट ना शीट. पडलो, उठलो, शिकलो. मुलाला सगळीकडून बंद केलं तर त्याला जिना कळणार कधी? नातीवर लक्ष ठेवायला घरात चार मोठी माणसं आहेत. एवढा खर्च आणि खटाटोप करण्यापेक्षा एकाने तिच्यामागे राहावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

शनिवारपेठी | २५ नोव्हेंबर, दुपारी ३.००

देशमाणूस, मीही वाड्यातला. पण आपल्या जुन्या घरांत सोय नव्हती हे मला पटत नाही. आमच्या वाड्यातला जिना भिंतीच्या जाडीत होता, दोन्ही बाजूंना भिंत, रेलिंगचा प्रश्नच नाही. खालच्या तोंडाला दार होतं, त्याची कडी मोठ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. वरच्या तोंडावर आडवी लाकडी झडप. दुपारी बायका निजायच्या आधी झडप पडायची, हा रिवाजच होता. ती चोरापासून जशी होती तशी पोरांसाठीही होती. आजची घरं मोकळी, हॉलमधून उघडा जिना, दिसायला सुंदर. ते दार गेलं, झडप गेली, आणि त्या जागी काहीच आलं नाही.

रातांबा | २५ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

अगदी बरोबर. आमच्याकडे कोकणात पडवीला अर्धं दार असायचं, कोंबड्या आत येऊ नयेत आणि पोर बाहेर जाऊ नये म्हणून. माळ्याची शिडी काम झालं की काढून आडवी ठेवायची, ही आजीची शिस्त. शिडी लावलेली दिसली की ती आधी ओरडायची, मग कोणी लावली ते विचारायची.

तान्हुली | २५ नोव्हेंबर, रात्री ८.४५

मी बालरोगतज्ज्ञ आहे. देशमाणूस यांच्या मुद्द्याचं उत्तर मला द्यावंसं वाटतं, कारण हे मत ओपीडीत आजी-आजोबांकडून बरेचदा येतं आणि त्यामागे प्रेमच असतं.

मुलाने जिना शिकलाच पाहिजे. पण शिकणं आणि एकटं सापडणं यांत फरक आहे. दहा महिन्यांच्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, टाळू अजून भरलेली नसते, आणि खाली किती खोल आहे याचा अंदाज अजून पक्का नसतो. लाकडी पायरी, सारवलेली जमीन आणि ग्रॅनाइटची धार या तिन्हींवर पडणं एकसारखं नाही.

आता "चार मोठी माणसं आहेत" याबद्दल. पाहुण्यांच्या घरात मूल नजरेआड होतं ते बहुतेक वेळा याच कारणाने. आजीला वाटतं बाळ आईजवळ आहे, आईला वाटतं आजोबांजवळ, आजोबांना वाटतं ती आत गेली. घरात एकटी आई असते तेव्हा तिला माहीत असतं की बघणारी आपणच. म्हणून तोंडाने सांगायची सवय लावा: "आता तुझ्याकडे आहे", आणि समोरच्याने "हो, माझ्याकडे" म्हटल्याशिवाय हलायचं नाही. फोन आला, दाराची बेल वाजली, तरी हे न चुकता करायचं. गेट या सवयीच्या जोडीला हवं. तिच्या जागी ते चालणार नाही.

शिकवायचं कसं तेही सांगते. वरचं गेट बंद ठेवून, मोठं माणूस खालच्या बाजूला बसून, तळाच्या दोन पायऱ्यांवर रोज थोडा वेळ. तिला चढू द्या. मग कमरेला धरून वळवा, पोटावर ठेवा, पाय मागे. "पाय आधी, पाय आधी" असं म्हणत एकेक गुडघा खालच्या पायरीवर टेकवा. सोफ्यावरून आणि पलंगावरून उतरतानाही हेच शब्द, हीच पद्धत. काही मुलं पटकन उचलतात, काहींना महिने लागतात. जमलं तरी गेट काढायचं नाही. उत्साहात आली की ती पुन्हा तोंड पुढे करूनच झेपावणार.

चिऊचीआई | २५ नोव्हेंबर, रात्री ९.१०

"पाय आधी" याला माझं शंभर टक्के अनुमोदन. लेक अजूनही पलंगावरून उतरताना स्वतःशीच म्हणते.

अंबडकर | २६ नोव्हेंबर, सकाळी ११.००

काकू, मी नाशिकचाच, अंबडला फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. जाहिरात करत नाही, कोणाकडूनही करून घ्या, पण काय सांगायचं ते नीट सांगा. आमच्या धंद्यात लोक "एक छोटं गेट करा" म्हणतात आणि आम्ही अंगणाच्या गेटासारखं करून देतो, ते बाळासाठी चुकीचं ठरतं.

चौकट २० बाय २० मिलिमीटरच्या चौकोनी एमएस (साध्या पोलादी) पाइपची. आत फक्त उभे गज, १० मिलिमीटरचे, दोन गजांमध्ये मोकळं अंतर ६ सेंटिमीटरच्या आत. मध्ये आडवा गज एकही नको, नक्षी नको, वर भाले तर अजिबात नकोत. उंची ३२ इंच ठेवा. बाळाला त्याहून कमीही पुरेल, पण कमी उंचीचं असलं की मोठी माणसं उघडायचा कंटाळा करून टांग टाकून ओलांडतात, आणि पडतात ती मोठीच. जमिनीपासून गेटची खालची कड दोन इंचांहून वर नको.

बिजागऱ्या अशा घ्या की पिन उचलली की पल्ला बाहेर येईल. पाहुणे गेले की पल्ला काढून ठेवता येतो, पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो. बिजागरीच्या बाजूला पल्ला आणि भिंत यांत बोट चेंगरण्याइतकी फट राहते, तिथे रबरी पट्टी लावून घ्या. कडी वरच्या टोकाला, जिन्याच्या बाजूने. आणि एक हलकी स्प्रिंग बसवा, म्हणजे सोडलं की आपोआप लागतं. घरात येणारी-जाणारी माणसं असली की गेट उघडं राहतं हा माझा सगळ्या गिऱ्हाइकांचा अनुभव आहे.

रेलिंगच्या बाजूला वेल्डिंग करू नका, स्टील काळं पडतं. खांबाला यू-बोल्टने लाकडी फळी आवळायची, मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा, मग कडी त्या फळीवर.

भिंतीच्या बाजूचं महत्त्वाचं. प्लास्टर अर्ध्या इंचाच्या आसपास असतं, वर जिप्समचा थर असेल तर आणखी जाड. त्यात स्क्रू धरत नाही. गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकतात तो प्लग, प्लास्टर पार करून विटेत गेली पाहिजे. ड्रिल मारताना लाल भुकटी आली की विटेत आलो असं समजायचं. पांढरी-राखाडी हलकी भुकटी येत राहिली आणि ड्रिल लोण्यासारखं आत गेलं तर भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची आहे, तिथे साधी गिट्टी फिरते. मग जमिनीपासून गेटच्या उंचीपर्यंत उभी लाकडी पट्टी चार-पाच ठिकाणी लांब स्क्रूने पक्की करायची आणि बिजागऱ्या त्या पट्टीवर.

ओळंबा | २६ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

अंबडकर, उत्तम. रंगाबद्दलही सांगा. दात येणारं बाळ गेटच्या वरच्या पाइपाला हमखास तोंड लावणार.

अंबडकर | २६ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

हो, ते राहिलंच. आपल्याकडे घरगुती रंगांमध्ये शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर असू नये असा नियम २०१६ साली आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे. फॅब्रिकेशनच्या दुकानात जे इंडस्ट्रियल रंगाचे डबे असतात ते त्यात येत नाहीत, आणि पिवळ्या-केशरी छटांमध्ये शिशाची शक्यता जास्त. म्हणून रंगाचा डबा तुम्ही स्वतः आणून द्या, घरगुती वापराचा, ज्यावर शिसं घातलेलं नाही असं छापलेलं असेल असा. काम बाळ यायच्या निदान आठ-दहा दिवस आधी पुरं करा, वास जायला तेवढे दिवस लागतात.

एडिसनकर | २६ नोव्हेंबर, रात्री ८.००

न्यू जर्सीहून लिहितोय. आमच्याकडे जवळपास प्रत्येक घरात लाकडी जिना, भिंती जिप्सम बोर्डच्या, स्क्रू मारायचा तर बोर्डामागचा उभा लाकडी वासा शोधूनच. त्यामुळे गेटचं शास्त्र इथे सगळ्यांना तोंडपाठ असतं. मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, जी गेटने सुटत नाही.

इथल्या "पिडियाट्रिक्स" या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली एक मोठा अभ्यास आला होता. १९९९ ते २००८ या काळात अमेरिकेत पाच वर्षांखालची ९ लाख ३१ हजारांहून जास्त मुलं जिन्यावरच्या दुखापतीसाठी इस्पितळांच्या तातडीच्या विभागात आणली गेली, म्हणजे सरासरी दर सहा मिनिटांना एक. त्यात एक वर्षाखालच्या जखमी बाळांपैकी सुमारे चौथा हिस्सा मोठ्या माणसाच्या कडेवर होता. बाळ जिन्याकडे गेलंच नव्हतं, मोठं माणूस त्याला घेऊन घसरलं होतं.

हे वाचल्यापासून मी घरात एक पक्कं ठरवलं. बाळ कडेवर असेल तर दुसऱ्या हातात काहीही नाही. बाटली नाही, फोन नाही, कपड्यांची टोपली नाही. तो हात रेलिंगवर. मोजे घालून जिना नाही. काकू, तुमच्याकडे ग्रॅनाइट आहे, म्हणजे हे दुप्पट महत्त्वाचं. साडीच्या निऱ्या किंवा गाऊनचा घेर पायात येत असेल तर बाळाला दुसऱ्याकडे द्या, आधी आपण उतरा, मग घ्या.

आणि वेळेचा फरक लक्षात घ्या. हिवाळ्यात जर्मनी भारताच्या साडेचार तास मागे असते. तुमच्याकडे रात्रीचे बारा वाजले की तिच्या अंगाला संध्याकाळचे साडेसातच झालेले असतात. पहिले काही दिवस ती मध्यरात्री टक्क जागी असणार, घर झोपलेलं, दिवे बंद, आणि आई-बाबा प्रवासाने थकलेले. दूध गरम करायला कोणीतरी तिला घेऊन अंधारात खाली उतरणार. ही वेळ टाळता येते. वरच्या खोलीत थर्मास, पिण्याचं पाणी, बाटली धुवायची सोय, दोन लंगोट जास्तीचे, सगळं ठेवा. रात्री कोणाला जिना वापरावाच लागू नये. आणि लँडिंगवर रात्रभर एक छोटा दिवा, इन्व्हर्टरच्या लाइनवर.

गोदाकाठ | २६ नोव्हेंबर, रात्री ९.३०

एडिसनकर, हे कोणीच सुचवलं नव्हतं. मी स्वतः दिवसातून कितीदा तरी धुणं घेऊन वर-खाली करते, रेलिंगला हात लावल्याचं आठवत नाही. थर्मासचं उद्याच बघते.

तुम्ही सगळे इतकं मनापासून लिहिताय म्हणून आणखी दोन प्रश्न. पायऱ्या घसरू नयेत म्हणून काय लावू? पायपोस टाकू का प्रत्येक पायरीवर? आणि आमच्या ह्यांनी वॉकर बघून ठेवलाय, चाकांचा, वर खुळखुळे असलेला. घ्यावा का? शेजारच्यांचा नातू त्यातच चालायला शिकला म्हणतात.

तान्हुली | २६ नोव्हेंबर, रात्री १०.००

वॉकर नको. यात माझं मत अगदी ठाम आहे. वॉकरमध्ये बाळ सेकंदाला तीन फुटांहून जास्त अंतर कापतं. मोठं माणूस खोलीत असलं तरी वेळेत पोचत नाही. जिन्याच्या माथ्यावरून वॉकरसकट गडगडणं ही डोक्याच्या गंभीर इजांची जुनी, ओळखीची वाट आहे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यावर बंदी घाला अशी मागणी केलेली आहे आणि कॅनडाने तर २००४ सालीच विक्रीवर बंदी घातली. वॉकरने चालणं लवकर येतं हेही खरं नाही. आजोबांना काहीतरी आणायचंच असेल तर हाताने ढकलायची लाकडी गाडी आणा, जड बुडाची, आणि ती तळमजल्यावरच ठेवा.

ओळंबा | २६ नोव्हेंबर, रात्री १०.२०

पायपोस अजिबात नको. सुटं कापड ग्रॅनाइटवर आणखी घसरतं. काळी खरखरीत घसरणरोधक पट्टी मिळते, ती मोठ्यांच्या पायाला चांगली पण रांगणाऱ्या गुडघ्यांना सोलून काढते. मऊ, पारदर्शक प्रकारची पट्टी घ्या, बाथरूमसाठी विकतात ती. ग्रॅनाइटवरचं तेलकट पुसून, पूर्ण वाळवून, पायरीच्या कडेपासून एक-दीड इंच आत लावा. टोकं गोल कापा, चौकोनी टोकं आधी उचकटतात. आणि फरशी पुसायच्या पाण्यात फिनाइल जास्त घालू नका, पायऱ्या बराच वेळ निसरड्या राहतात.

रातांबा | २६ नोव्हेंबर, रात्री १०.५०

गेटच्या आसपास काय ठेवलंय तेही बघा. मोढा, चपलांचा स्टँड, कुंडी, देवघरापुढचा पाट. मूल ओढत आणतं आणि त्यावर उभं राहतं. पाहुण्यांच्या बॅगा तर पहिल्या दिवशी जिन्यापाशीच रचल्या जातात.

देशमाणूस | २७ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

सगळं वाचलं. कडेवर घेऊन पडण्याचा मुद्दा मला माहीत नव्हता, आणि "बघणारं नक्की कोण" हाही पटला. माझा नातू एप्रिलमध्ये येतो आहे. डॉक्टर, एक विचारतो. समजा सगळं करूनही पडलंच, तर घरात काय करावं? आमच्याकडे पडलं की लगेच टेंगळाला तेल चोळतात.

तान्हुली | २७ नोव्हेंबर, दुपारी २.१५

टेंगळाला चोळायचं नाही. स्वच्छ कापडात बर्फ गुंडाळून थोडा वेळ धरा. वर्षाखालचं बाळ जिन्यावरून पडलं असेल तर ते हसत-खेळत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

थांबायचं नाही अशी लक्षणं: क्षणभर का होईना शुद्ध हरपणं, झटके, पुन्हा पुन्हा उलटी, नेहमीपेक्षा जास्त गुंगी किंवा उठवूनही न उठणं, नाकातून वा कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव, टाळू फुगलेली वाटणं, डोक्यावर मऊ, दबणारी सूज, कशानेही न थांबणारं रडणं, एखादा हात किंवा पाय न हलवणं. यातलं एकही दिसलं तर सरळ मोठ्या इस्पितळात. महाराष्ट्रात १०८ नंबरला रुग्णवाहिका मिळते. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, हलवून जागं करायचा प्रयत्न करू नका. मान वाकडी वाटली तर जागेवरून न हलवता रुग्णवाहिकेची वाट बघा.

काकू, लेकीला सांगा, येतानाच बाळाच्या लसीकरणाच्या नोंदी आणि असतील ती औषधं हाताशी राहतील अशी ठेवायला. आणि जवळचं चोवीस तास चालणारं, मुलांची सोय असलेलं इस्पितळ कोणतं ते तुम्ही आजच चौकशी करून फ्रिजवर लिहून ठेवा.

गोदाकाठ | ९ डिसेंबर, सायंकाळी ७.००

काम झालं, म्हणून सविस्तर लिहितेय.

वरचं गेट भिंतीत बसवलं, ३२ इंची, खोलीच्या बाजूला उघडणारं. ड्रिल मारताना मी शेजारी उभी राहिले, लाल भुकटी आली तेव्हाच बरं वाटलं. मिस्त्रींनी आधी कडी खालच्या बाजूला लावायची तयारी केली होती, ती वर घ्यायला लावली. खालचं गेट दोन पायऱ्या सोडून तिसऱ्या पायरीवर घेतलं आहे, म्हणजे तळाच्या दोन पायऱ्या नातीला शिकायला मोकळ्या. तिथे दोन्ही बाजूंनी गेट आवळायला काय करायचं यावर बराच खल झाला, शेवटी रेलिंगच्या खांबाला फळी आणि भिंतीला उभी पट्टी, दोन्ही केलं. रेलिंगला शीट लावली. टायची टोकं मी एकेक हाताने तपासली, काही पुन्हा कापून घेतली.

सासूबाईंना स्प्रिंगचं गेट जड जाईल का अशी धास्ती होती, पण त्या जिना चढतच नाहीत. उलट त्यांनीच स्वतःहून सांगितलं की हॉलमध्ये मी बसलेली असते, खालचं गेट उघडं दिसलं तर मी हाक मारीन. कामाला येणाऱ्या मावशींनाही समजावलं. त्यांना वरच्या मजल्यावर बादली घेऊन जावं लागायचं, आता वरच्या बाथरूममध्ये वेगळी बादली आणि पोछा ठेवला आहे. वॉकरचा विषय डॉक्टरांचा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवल्यावर संपला. लाकडी गाडी सावंतवाडीहून मागवली.

एकच शंका आहे. लेकीच्या खोलीचं दार आणि वरचं गेट एकमेकांना लागून आहेत. दोन्ही एकदम उघडली तर एकमेकांवर आपटतात.

अंबडकर | ९ डिसेंबर, रात्री ८.२०

गेटची बिजागरी दाराच्या उलट्या बाजूला असती तर हा प्रश्न आला नसता, पण तिकडे रेलिंग आहे, म्हणजे आहे तेच बरोबर. खोलीच्या दाराला खाली रबरी डोअरस्टॉपर लावा, म्हणजे ते पाऊण उघडेल आणि गेटला लागणार नाही. तसंच दाराच्या वरच्या कडेला जाड फोमचा तुकडा अडकवा. दार धाडकन लागून बाळाची बोटं चेमटण्याची भीतीही त्याने जाते.

एडिसनकर | १० डिसेंबर, सकाळी ६.३०

काकू, खालचं गेट तिसऱ्या पायरीवर घ्यायची कल्पना फार आवडली. आमचे आई-बाबा सांगलीला असतात, घर बरंचसं तुमच्यासारखंच, मार्चमध्ये आम्ही दुसऱ्या लेकीला घेऊन जाणार आहोत. त्या पायरीवर गेट उघडतं कुठल्या बाजूला? आणि पायरीच्या कडेपासून किती आत बसवलंय?

गोदाकाठ | १० डिसेंबर, सकाळी ९.००

वरच्या बाजूला उघडत नाही, पायरी आड येते. खालच्या बाजूला, हॉलकडे उघडतं. म्हणून उघडताना आपण तळाशी जमिनीवर बाजूला उभं राहायचं, पायरीवर नाही, आणि उतरताना मात्र आधी कडी काढून, बाळाला घेतलेल्या माणसाने थांबायचं आणि खालच्याने गेट ओढून धरायचं. एकटं असलं तर बाळाला घेऊन त्या गेटमधून जायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे. कडेपासून दोन इंच आत आहे. सांगलीच्या घराची भिंत कशाची आहे ते आई-बाबांना आधी विचारून घ्या, आणि रेलिंग आडव्या पाइपांचं असेल तर शीटचं माप मिस्त्रींनी प्रत्यक्ष येऊन घेऊ दे. फोटोवरून घेतलेलं माप आमच्याकडे तिरक्या कडेला जुळलं नव्हतं.